उफराटा

"तुमचे मिस्टर कशालाच नाही म्हणत नाहीत हो," असं शेजारच्या प्रेमलाताई नेहमी हेव्यानं म्हणायच्या, आणि नीरजाबाई चहाचा घोट घेऊन गप्प बसायच्या. कारण ते खरंच होतं. एकतीस वर्षांच्या संसारात श्रीधररावांच्या तोंडून 'नाही' हा शब्द त्यांनी एकदाही ऐकला नव्हता. श्रीधरराव 'बघू' म्हणत.

स्वयंपाकघराला नवा ओटा घालायचा का? बघू. आमोदला पोहायच्या क्लासला घालायचं का? बघू. नारायण पेठेत वाढलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. 'बघू' म्हणजे नाही. 'बघू या' म्हणजे नाही, पण तुम्ही पाहुणे आहात. आणि 'बघू की, घाई काय आहे' म्हणजे हा विषय आता माझ्या तेराव्यालाच काढा.

सुनेला, पूर्णिमाला, हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती यवतमाळची. इंजिनिअर होऊन पुण्याला आली, हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली, तिथंच तिला आमोद भेटला आणि आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन दोघं वारज्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिच्या माहेरची माणसं बघत नसत, पाहत. आणि पाहू म्हणाली की खरोखर पाहत. त्यामुळे जुलैतल्या एका गुरुवारी तिनं सासऱ्यांना फोनवर विचारलं, "बाबा, रविवारी आपण सगळे धबधबा पाहायला जायचं का? मुळशीच्या पुढे, घाटात?" आणि बाबा म्हणाले, "बघू." तेव्हा तिला इतका आनंद झाला की फोन ठेवल्या ठेवल्या तिनं गाडी सांगून टाकली.

शनिवारी सकाळी तिचा फोन आला तो नीरजाबाईंनी उचलला.

"आई, उद्या सहाला तयार राहा बरं. गाडी आधी तुमच्याकडे येईल, मग मला वारज्याला घेईल. आमोदचं काही जमत नाही. अमेरिकेत कुणाचं तरी काहीतरी बंद पडलं आहे, ते त्यालाच चालू करायचं आहे."

"उद्या कुठं जायचंय?"

"धबधब्याला. बाबांनी सांगितलं नाही? परवाच तर हो म्हणाले."

नीरजाबाईंनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. "हो म्हणाले? नक्की शब्द काय वापरला त्यांनी?"

"बघू म्हणाले."

दुरुस्ती करायची तर हीच वेळ होती. बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत त्यांनी दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या होत्या, हात तयार होता. 'अगं, बघू म्हणजे' इथपर्यंत वाक्य ओठांवर आलंसुद्धा. ते त्यांनी गिळलं आणि विचारलं, "डब्यात काय आणू?"

याला कारण होतं, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

नीरजाबाई भूगोल शिकवत. सातवीच्या पुस्तकात 'नदीचे कार्य' हा धडा होता, आणि त्या धड्यातला धबधबा ही बाईंची खासियत मानली जायची. फळ्यावर आधी तपकिरी खडूनं कडा, वरचा खडक कठीण, खालचा मृदू, मग निळा खडू आडवा धरून एका दमात वरून खाली ओढलेलं पाणी, आणि शेजारी पांढरा, ठसठशीत, खाली टोक असलेला बाण. दुसऱ्या वर्गांतल्या बाई दारातून बघायला यायच्या. पण खरा धबधबा, ज्याच्यातून पाणी पडतं आहे असा, नीरजाबाईंनी जन्मात पाहिला नव्हता.

पुण्यात राहून असं कसं होतं, असं कुणीही विचारील. होतं. पावसाळ्यात सासूबाईंचा दमा उसळायचा, जून ते सप्टेंबर नीरजाबाईंना वाफारे आणि काढे सोडून हलता यायचं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा आमोदची दहावी आली. श्रीधररावांना विचारलं की बघू. राहता राहिल्या शाळेच्या सहली, तर त्या निघायच्या डिसेंबरात. एकदा मुलींना घेऊन बाई एका नावाजलेल्या धबधब्याखाली जाऊन उभ्या राहिल्या होत्या. समोर एवढा मोठा काळाकभिन्न कडा आणि त्यावर एक ओलसर ओघळ. "मुलींनो, पावसाळ्यात इथे धबधबा असतो," त्या म्हणाल्या, आणि मुलींनी माना डोलावून भेळेचे पुडे उघडले.

इथवरही चाललं असतं. पण या एप्रिलमध्ये, निवृत्तीच्या दिवशी, शेवटच्या तासाला सृष्टी नावाची एक मुलगी उभी राहिली. "बाई, तुम्ही स्वतः पाहिलेला सगळ्यात मोठा धबधबा कोणता?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. आणि नीरजाबाई, ज्यांनी दुसरीची वही आपली म्हणून दाखवणाऱ्या मुलीला अख्खा तास बाकावर उभं केलं होतं, त्या शांतपणे म्हणाल्या, "गिरसप्पा." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण वर्गातून 'बाप रे' असा सुस्कारा आला आणि त्यांची जीभ सुटली. तुषार कसे मैलभरावरून अंगावर येतात, शेजारचा माणूस काय बोलतो ते कसं ऐकू येत नाही, सगळं सांगितलं. पुस्तकात होतं त्याच्या पलीकडचंही सांगितलं. घंटा झाली, मुलींनी पाया पडून डोळे पुसले, आणि बाई घरी आल्या त्या तोंड कडू होऊन.

त्यात गुडघे. दोन्हींच्या वाट्या झिजल्या होत्या. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, नंतर सपाट रस्त्यावर मस्त चालाल, दगडगोटे आणि डोंगर मात्र विसरा. म्हणजे जे काय बघायचं ते याच पावसाळ्यात. गिरसप्पा नसेना का, कुठलाही चालेल, पण वरून पाणी पडत असलेला एक धबधबा आपल्या डोळ्यांनी पाहायचा, म्हणजे निदान त्या खोट्याचा अर्धा भाग तरी खरा होईल, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब भूगोलाच्या बाईला शोभणारा नव्हता, पण दुसरा नव्हता.

फोन ठेवून त्या बाहेरच्या खोलीत आल्या. श्रीधरराव वर्तमानपत्रामागे होते.

"तुम्ही पूर्णिमाला 'बघू' म्हणालात?"

"म्हणालो असेन. का?"

"तिनं गाडी सांगितली. उद्या सकाळी सहाला."

वर्तमानपत्र खाली आलं. "बघू म्हटल्यावर?"

"बघू म्हटल्यामुळे."

"मग तिला समजावून सांग ना."

"तुम्हीच सांगा. म्हणावं, मी जे बोललो त्याचा अर्थ मी बोललो तो नव्हता. इंजिनिअर आहे, समजेल तिला."

श्रीधररावांनी फोनकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. नव्या सुनेपुढे आपला शब्द मागे घ्यायचा म्हणजे आधी तो शब्द कसा दिला हे सांगायचं, आणि ते त्यांच्या बापजन्मी जमणारं नव्हतं. संध्याकाळी 'जरा औषधाच्या दुकानात जाऊन येतो' म्हणून गेले. नीरजाबाई पुऱ्या लाटत होत्या. त्यांनी लक्ष दिलं नाही.

रविवारी सहाला पाच कमी असताना दारात क्वालिस उभी राहिली. ड्रायव्हर बजरंग, लोणी काळभोरचा, आठवडाभर रात्रपाळीच्या पोरापोरींना कंपनीत नेऊन सोडणारा; रविवारी बाहेरची भाडी करायचा. श्रीधरराव म्हणाले, "मी पुढे बसतो. पुढून रस्ता दिसतो." खिशात आवळासुपारी होती, हातात एक लिंबू होतं. नीरजाबाईंना वाटलं, लिंबू डब्याबरोबर खायला घेतलं असेल.

वारज्याला पूर्णिमा चढली. जीन्स, छत्री, कॅमेरा आणि उत्साह एवढं सामान होतं. चांदणी चौक मागे पडला तसं तिनं विचारलं, "बजरंगभाऊ, धबधबा नक्की दिसेल ना?"

"धबधबा तर हाय की. कुटं जातोय? पन उफराटा बगायचा म्हंजी नशीब लागतं मॅडम. धुकं आलं की काय बी न्हाई. मागच्या रविवारी चार गाड्या तशाच माघारी गेल्या."

"उफराटा म्हणजे?" नीरजाबाईंनी मागून विचारलं.

"नाव हाय त्याचं. तिकडची लोकं तसंच म्हनत्यात."

"आमच्या पेठेतल्या कुणाचं तरी आडनाव वाटतंय," श्रीधरराव पुढून म्हणाले. पूर्णिमा खळखळून हसली. आपले सासरे किती मजेशीर आहेत असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं, आणि नीरजाबाईंना उगीचच अपराधी वाटलं.

पौड गेलं, मुळशीचं धरण आलं. पाण्याला धरून रस्ता उजवीकडे वळला, मग डावीकडे, मग परत उजवीकडे. दोन्ही बाजूंना हिरवं एवढं की डोळ्यांना ओलं वाटावं. पूर्णिमा सारखी "आई, ते पाहा, आई, हे पाहा" करत होती. श्रीधररावांचं बोलणं मात्र बंद झालं होतं. नीरजाबाईंना मागून त्यांची मान दिसत होती. मानेवर घाम होता. जुलैत, खिडकी उघडी असताना.

"अहो, बरं वाटतंय ना?"

"हं."

आणखी तीन वळणं झाली आणि श्रीधरराव अत्यंत सभ्य आवाजात म्हणाले, "बजरंगराव, गाडी जरा बाजूला घेता का आपण." आणि गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडून खाली उतरले, दगडाला हात टेकला आणि ओकले.

रस्त्याच्या कडेलाच निळ्या प्लास्टिकखाली एक चहाची टपरी होती. तिथली विमलाबाई तांब्या घेऊन आली, त्यांच्या हातावर पाणी घातलं आणि एका नजरेत निदान केलं. "गाडी लागली व्हय? रोज धा-बारा असत्यात. आल्याचा तुकडा धरा दाताखाली. चहा पिऊ नगा लगीच."

नीरजाबाई गुडघे सावरत उतरल्या आणि त्यांच्याजवळ बाकड्यावर जाऊन बसल्या. "गाडी लागते तुम्हाला?"

"घाटात फक्त."

"कधीपासून?"

"मौंजीपासून."

त्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग एकतीस वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढून भराभर गेली. लग्नानंतर महाबळेश्वर ठरलं होतं, ते ऐनवेळी रद्द करून यांनी हैदराबादला नेलं होतं, आगगाडीनं. माणूस वस्तुसंग्रहालयाचा एवढा शौकीन आहे म्हणून त्या माहेरी कौतुकानं सांगत राहिल्या होत्या. कोकणातल्या लग्नांना हे कधी आले नाहीत, ऑफिसात नेमकं काम निघायचं. कुलदैवत तुळजापूरचं, तिकडचा रस्ता बराचसा सपाट, तिथं मात्र दरवर्षी भक्ती. 'आगगाडी हे एकमेव सभ्य वाहन आहे' हे वाक्य तर त्यांनी आमोदच्या मुंजीतसुद्धा चारचौघांत सांगितलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? बघायला आलो तेव्हा तुझ्या वडिलांनी विचारलं, काही आजार? मी म्हटलं, नाही." श्रीधररावांनी आलं दुसऱ्या दाढेखाली घेतलं. "मग राहूनच गेलं."

म्हणजे 'नाही' हा शब्द त्यांनी वापरला होता, एकदाच, आणि तोही चुकीच्या ठिकाणी. नीरजाबाईंना हसूही येईना आणि रागही येईना. आपण स्वतः कुठल्या तोंडानं रागावणार होतो?

पूर्णिमा दोन पावलं लांब उभी होती, रडवेली. "बाबा, सॉरी. मला माहीत असतं तर मी... आई, आपण परत जाऊ."

परत. नीरजाबाईंनी पुढच्या वळणाकडे पाहिलं. 'नको' म्हणणं शक्यच नव्हतं. समोर माणूस पांढराफटक होऊन बसला होता.

श्रीधररावांनी मात्र त्यांच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं. "अजून किती लांब आहे हो?" त्यांनी विमलाबाईला विचारलं.

"उफराटा? दोन किलोमीटर बी न्हाई. पाच वळनं."

"मी चालत येतो."

"अहो, पावसात?"

"मला गाडी लागते. रस्ता नाही लागत. पेठेतून पर्वतीला रोज जातो मी. तू गाडीनं पुढे हो."

"मग मीपण येते चालत."

"त्या गुडघ्यांनी? म्हणजे आपण गणपतीपर्यंत पोचू." त्यांनी पूर्णिमाची छत्री मागून घेतली. "जा तू. आणि दिसला की बघून घे, माझ्यासाठी थांबू नकोस. ते धुकं काही मला विचारून येणार नाही."

गाडी वळणावर गेली तेव्हा नीरजाबाईंनी मागच्या काचेतून पाहिलं. पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्यावर गुलाबी फुलांची छत्री धरून त्यांचा नवरा घाट चढत होता. तिसऱ्या वळणाला धुकं लागलं. चौथ्याला बजरंगनं दिवे लावले. पाचव्याला त्यानं गाडी थांबवली आणि म्हणाला, "आलं. पन आज काय खरं न्हाई काकू."

रस्त्यापासून कड्याच्या कठड्यापर्यंत शंभरेक पावलं, निसरड्या दगडांची. पूर्णिमानं त्यांचा दंड घट्ट धरला होता. कठडा म्हणजे गंजलेला लोखंडी पाइप. त्याच्या पलीकडे काही नव्हतं. काही म्हणजे काहीच; कापूस पिंजून भरावा तसं नुसतं पांढरं. त्या पांढऱ्याच्या आतून आवाज येत होता. पावसाचा नव्हे, त्याहून जाड, न थांबणारा.

कठड्याशी एका कंपनीतली पंधरा-वीस मुलंमुली उभी होती. रविवार असूनही दोघातिघांच्या गळ्यात ओळखपत्रं होती. "यार, व्हिजिबिलिटीच नाहीये," एक म्हणाला. दुसरी म्हणाली, "चलो ना, भूक लगी है, खाली भुट्टा खाऊ." पाच मिनिटांत सगळी निघून गेली. मग त्या दोघीच उरल्या.

अर्धा तास गेला. बजरंगनं एकदा येऊन सांगितलं की धुकं दाटतंय, फार उशीर केला तर उतरताना पंचाईत होईल. नीरजाबाईंनी पाइप सोडला नाही. गार पाण्यानं बोटं सुजल्यासारखी झाली होती.

"आई," पूर्णिमा हळूच म्हणाली, "एक विचारू? बाबा 'बघू' म्हणाले ते नाही होतं का?"

नीरजाबाई धुक्याकडेच बघत राहिल्या. "हो."

"मी तर पाहू म्हणून समजली. काल फोनवर तुम्हाला कळलं होतं?"

"लगेच."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"कारण मला यायचं होतं." आणि मग, धुक्यात माणसाचा चेहरा दिसत नाही म्हणून असेल, त्यांनी सगळं सांगितलं. निळा खडू, डिसेंबरातला ओघळ, सृष्टी, गिरसप्पा. सांगताना आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ ठेवायचा प्रयत्न केला. "अठ्ठावन्नाव्या वर्षी पोरींना खोटं सांगून बसले बघ मी."

पूर्णिमा 'जाऊ द्या आई' म्हणाली नाही, 'त्यात काय एवढं' म्हणाली नाही. ओढणी नव्हती म्हणून तिनं आपल्या टीशर्टाच्या टोकानं सासूबाईंचा चष्मा पुसला आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला. "नाही दिसला तर पुढच्या रविवारी येऊ. त्याच्या पुढच्या रविवारी येऊ. मी सुट्टी टाकते."

चष्मा जागेवर बसला आणि वारा फिरला.

खालून, दरीतून, काहीतरी जोरानं वर आलं. समोरचं पांढरं आधी पातळ झालं, मग मधोमध फाटलं, आणि त्या फटीतून काळा कडा दिसला. केवढा तो. फळ्यावर त्यांनी काढलेला कडा वीतभर असायचा. हा मान मागे टाकली तरी संपत नव्हता आणि खाली वाकलं तरी संपत नव्हता. त्याच्या माथ्यावरून एक अख्खा ओढा दरीत झेपावत होता, पिवळसर पांढरा, गढूळ, अंगानं जाड. थोडं खाली येत होता, आणि मग वाऱ्यानं त्याला धरलं. पाणी थांबलं. थांबलं, वाकलं आणि वर जायला लागलं. सगळं नाही, अर्धं खाली कोकणात कोसळत होतं आणि अर्धं कड्याच्या अंगानं परत वर उडत होतं, माथ्याच्याही वर, जिथून आलं होतं तिथल्या झाडांवर पाऊस पाडत होतं. नीरजाबाईंच्या हनुवटीला खालून थेंब लागले.

बत्तीस वर्षं त्यांनी बाणाचं टोक खाली काढलं होतं.

पूर्णिमाच्या गळ्यात कॅमेरा होता, तिला त्याची आठवण राहिली नाही. किती वेळ ते उघडं होतं कोण जाणे, दोन मिनिटं असेल, तीन असेल. मग खालून नवं धुकं वर चढलं, आधी खालचं पाणी गेलं, मग वरचं, शेवटी माथ्यावरची झाडं. पुन्हा नुसता आवाज उरला.

श्रीधरराव पोचले त्यानंतर दहा मिनिटांनी. छत्रीची एक काडी मोडली होती, लेंगा चिखलानं भरला होता, पण चेहऱ्यावर रंग होता. ते जपून दगडांवरून आले आणि बायकोशेजारी पाइपला धरून उभे राहिले. समोर पाहिलं.

"दिसला?"

'नाही' म्हणावं असं नीरजाबाईंना क्षणभर फार वाटलं. माणूस एवढा चालत आला होता. आणि 'नाही' म्हटलं असतं तर तिघांना मिळून पहिल्यापासून वाट बघता आली असती. त्यांनी पूर्णिमाकडे पाहिलं, पूर्णिमा आपल्या बुटांकडे बघत होती.

"दिसला," त्या म्हणाल्या. "दोन-तीन मिनिटं. तुम्ही वळणावर असाल तेव्हा."

"छान." श्रीधररावांनी मान डोलावली. ते खरोखर मनापासून म्हणाले. मग छत्री मिटून काखेत धरली आणि म्हणाले, "मग सांग."

"काय सांगू?"

"कसा होता ते. भूगोलाच्या बाई ना तुम्ही?"

नीरजाबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की काय बोलायचं ते ठरलेलं नाहीये. गिरसप्पा घडाघडा आला होता. हा येईना. "पाणी वर जातं," त्या म्हणाल्या.

"वर?"

"वर. म्हणजे आधी पडतं. मग वारा दरीतून येतो आणि त्याला उचलतो."

"म्हणून उफराटा."

"म्हणून उफराटा."

"सगळं पाणी वर जातं?"

"छे. निम्मं. निम्मं खाली जातं. आणि पांढरंशुभ्र वगैरे काही नसतं हो, चांगलं गढूळ असतं. चहासारखं. मी निळा खडू वापरायचे."

"उंच किती?"

"मोजला नाही. आपल्या बिल्डिंगीवर बिल्डिंग ठेवत गेलं तर..." त्यांनी हात वर केला, तो पुरेना, मग नुसताच धुक्याकडे दाखवला. "इथून सुरू होतो. तिथे. आणि कडा सरळ नाही, मध्ये एक पोट आहे त्याला, तिथं पाणी आपटतं आणि फुटतं, मग दोन वाटा होतात."

श्रीधरराव धुक्याकडे त्या बोट दाखवतील तिथे तिथे बघत होते. सासूबाई चुकताहेत का हे पूर्णिमा लक्ष देऊन ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "तीन वाटा, आई. डावीकडे एक बारकी होती." "हो, तीन," नीरजाबाईंनी दुरुस्ती मान्य केली. असं बरंच चाललं. धुकं काही परत हललं नाही. कुणाची तशी तक्रारही दिसली नाही.

शेवटी बजरंग वरून हाका मारायला लागला. श्रीधररावांनी घड्याळ पाहिलं. "मी निघतो पुढे. टपरीपर्यंत चालतो, तिथून बसतो गाडीत. उतरताना त्रास कमी होतो म्हणे."

"कोण म्हणे?"

"मीच म्हणतोय. बघू." आणि तोंडून शब्द गेल्यावर सुनेकडे वळून म्हणाले, "हे खरंच बघू आहे गं. मला माहीत नाही काय होईल ते."

"ठीक आहे बाबा," पूर्णिमा म्हणाली. "मी पिशवी हातात धरून बसते."

ते दगडांवरून रस्त्यावर गेले आणि उताराला लागले. छत्रीवरची गुलाबी फुलं थोडा वेळ दिसली, मग फिकट व्हायला लागली. पूर्णिमानं सासूबाईंना आधार देत गाडीपर्यंत आणलं, दार उघडलं. नीरजाबाईंनी एक पाय आत ठेवला आणि थांबल्या.

"अहो," त्यांनी जोरात हाक मारली.

खाली धुक्यात पावलं थांबली. "काय गं?"

"एक राहिलं. जमीन हलते."

"काय?"

"जमीन. पायाखालची. मी उभी होते ना, तेव्हा गुडघ्यांत कळत होतं. मला वाटलं माझेच लटपटताहेत. पण तो पाइपसुद्धा थरथरत होता."

चिखलातून परत वर येणाऱ्या चपलांचा आवाज आला आणि श्रीधरराव धुक्यातून बाहेर आले, कानामागे हात धरून.

"पाण्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "काय थरथरत होतं?"

बजरंगनं इंजिन बंद केलं. नीरजाबाईंनी गाडीतला पाय परत बाहेर काढला.